दिवाळीनंतरची नदी

दिवाळी उलटली की खानदेशातल्या नद्या मागे सरायला लागतात. पांझरा, बोरी, बुराई, गोमाई, सगळ्यांची हीच रीत. श्रावण-भादव्यात काठ खाणारी नदी कार्तिकात पात्राच्या एका कडेने वाहते, पौषात डोहाडोहांत तुटते आणि होळीला नुसतं पात्र उरतं. नेमक्या याच दिवसांत साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. गळीत हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे नदीत पाणी उतरत जातं आणि कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी तेव्हाच वाढत जातं. सांडपाण्यावर आपल्याकडे मोर्चे निघतात, बातम्या येतात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात. पण या दोन वेळापत्रकांची गाठ कुणी फारशी दाखवत नाही. मला मात्र आपल्या भागातलं दुखणं तिथेच दिसतं.

माझं गाव पांझरेच्या खालच्या अंगाला आहे. साक्रीच्या डोंगरात उगवलेली ही नदी धुळे शहरातून वाहत येते आणि मुडावदला, कपिलेश्वराच्या देवळाजवळ, तापीला मिळते. आमच्या लहानपणीही उन्हाळ्यात नदी वाळायची, पण पाणी गेलेलं नसायचं. ते वाळूखाली असायचं. बाया पात्रात बसून हातभर खड्डा उकरायच्या, तो झिरा. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, जरा थांबायचं, मग आतून निवळ पाणी पाझरू लागलं की वाटीवाटीने घागर भरायची. एक घागर भरायला वेळ लागे, म्हणून झिऱ्यावर नंबर लागत. वरच्या अंगाला गुरं पाण्यात बसलेली असत, तरी झिऱ्याचं पाणी आम्ही बिनघोर प्यायचो.

ते पाणी निवळ का असायचं, हे पुढे शिकताना कळलं. वाळूच्या कणाकणावर जिवाणूंचा पातळ थर बसलेला असतो. पाणी त्यातून सावकाश पाझरताना मळ अडतो आणि सेंद्रिय घाण हे जिवाणू खाऊन टाकतात. काही जलशुद्धीकरण केंद्रांत सावकाश पाझरणारी वाळूची जी गाळणी असते, तिचं तत्त्व याहून निराळं नाही. सरकारने पैसे खर्चून उभारायची यंत्रणा आमच्या नदीत मैलोन्‌मैल अंथरलेली होती.

ती वाळू गेली. पांझरेची गेली, गिरणेची तर डोळ्यांदेखत गेली. रात्री ट्रॅक्टर आणि डंपर चालले, बांधकामं झाली, आमच्याही घरांच्या स्लॅबमध्ये ती वाळू आहे. आता कितीतरी ठिकाणी पात्रात मुरूम नाहीतर उघडा खडक दिसतो. त्यावर पाणी साचतं, मुरत नाही, गाळलं जात नाही. वर धरणं झाली. पांझरेवर अक्कलपाडा आहे, गिरणेवर १९६९ पासून गिरणा धरण आहे, तापीवर हतनूर आहे. धरणांमुळे शेती पिकली आणि गावांना पाणी मिळालं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण धरणाखालची नदी आवर्तन सुटेल तेव्हाच वाहते. इतर दिवशी तिच्यात जे वाहताना दिसतं ते वरून आलेलं पाणी नसतं. ते काठावरून येऊन पडलेलं असतं. नाला नदीला मिळतो असं आपण म्हणतो. माघ-फाल्गुनात खानदेशातल्या कितीतरी पात्रांत नालाच नदी झालेला असतो.

आता त्या पाण्याबद्दल. गावात त्याला सरसकट ‘केमिकलचं पाणी’ म्हणतात. पुष्कळदा ते तसं नसतंच. आपल्या भागातले मोठे उद्योग शेतमालावर चालतात. ऊस, मका, सरकी, फळं, मिरची. उसाच्या कारखान्याच्या पाण्यात साखर असते, मक्यापासून स्टार्च काढणाऱ्याच्या पाण्यात पिष्ट असतं, तेलाच्या कारखान्याच्या पाण्यात तेल. यातलं एकही विष नाही. आपण खातो तेच हे पदार्थ. तरी मासे मरतात, आणि हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

साखर पाण्यात गेली की जिवाणूंना मेजवानी मिळते. ते वाढतात, खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. लिटरभर पाण्यातली घाण पचवताना जिवाणूंना किती मिलिग्रॅम प्राणवायू लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. भारतात ते २७ अंशांवर तीन दिवस पाणी ठेवून मोजतात. दुसरीकडे पाण्यात प्राणवायू असतो किती? २७ अंशांवर लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तोही पाणी स्वच्छ आणि खळाळतं असेल तर. पाणी तापलं की हा साठा घटतो. ३५ अंशांवर तो ७ च्या आसपास येतो आणि उकाड्यात जिवाणूंची भूक मात्र वाढते. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हातभर खोल डोहातल्या पाण्याची काय अवस्था होत असेल ते बघा. त्याच घाणीचा त्याच प्रमाणातला डोस कोकणातल्या वाहत्या नदीने सोसला असता. इथला डोह तो सोसू शकत नाही.

आमच्याकडचे एक भोई नाना हे सगळं आकड्यांशिवाय ओळखतात. जाळं टाकायला ते झुंजुमुंजू व्हायच्या आधी जातात. एकदा डोहात मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करत होते. पाणी तेवढं काळं नव्हतं, वासही फार नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, “मासा वर उनात, म्हंजे पानीमा दम नही ऱ्हायना.” मासे वर आले, म्हणजे पाण्यात दम उरला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागली होती. मासे पहाटेच मरतात याचंही कारण आहे. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ प्राणवायू घेतं, त्यामुळे साठा सर्वांत तळाला जातो तो पहाटे. सकाळी अकराला कुणी येऊन नमुना घेतला तर पाणी बरं दिसेल. नानांनी ते मासे विकले नाहीत. पाट्या भरून काठावर पुरले. त्या हंगामात त्यांनी जाळं पुन्हा पाण्यात टाकलं नाही, धुळ्याला बांधकामावर गेले.

कायदा याबद्दल काय सांगतो? १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, महाराष्ट्राने आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केलं. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा आहे ती बीओडी ३० ची. कारखान्याला संमतीपत्र मिळतं, त्यात ही मर्यादा लिहिलेली असते. आता एक साधं गणित मांडतो, कागद घेऊन कुणीही पडताळावं. नदी चांगली आहे, तिचा बीओडी २ आहे असं धरू. कारखानाही सचोटीचा आहे, तो नियमाप्रमाणे शुद्ध केलेलं ३० चं पाणी सोडतो. अंघोळीसारख्या वापराला योग्य पाण्याची मर्यादा आहे ३. तर एक घागर सांडपाण्यामागे नदीच्या २७ घागरी असतील तरच मिश्रण ३ वर राहतं. पौषात आमच्या पांझरेत २७ घागरी कुठून आणायच्या? एक घागर सोडलेलं आणि एक घागर वाहतं, अशी गत असेल तर मिश्रण १६ वर जातं. आणि पात्र कोरडं असेल तर ३० चं पाणी ३० चंच राहतं. कारखान्याने कायदा मोडलेला नसतो. मंडळाचा अहवालही खरा असतो. आणि नदी मेलेली असते.

असे मापदंड जिथे पहिल्यांदा बसवले गेले, तिथे हा विचार झालेला होता. ब्रिटनच्या राजआयोगाने १९१२ मध्ये सांडपाण्याला बीओडी २० आणि गाळ ३० ही मर्यादा सुचवली, तेव्हा सोडलेल्या पाण्यात मिसळायला नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी असेल हे धरून सुचवली. बारमाही नद्यांचा देश, तिथेही अट घातली. आपला ३० चा आकडा पात्रात पाणी आहे की धूळ, हे विचारत नाही. तो नळीच्या तोंडाशी मोजतो. नळीच्या पुढे काय आहे, याची चौकशी त्यात नाही.

साखर कारखान्यांना सवलतीने जे बाहेर सोडता येतं तेही थोडं नाही. २०१६ च्या अधिसूचनेप्रमाणे उसाच्या टनामागे २०० लिटर शुद्ध केलेलं सांडपाणी सोडता येतं. दिवसाला २,५०० टन गाळप करणारा कारखाना धरला, तर रोजचे ५ लाख लिटर झाले, आणि तेही सगळं नियमात. मला यात सर्वांत खटकतं ते हे, की उसात निम्म्याहून जास्त, जवळजवळ ७० टक्के, पाणीच असतं. रस आटवताना ते वाफ होऊन निघतं आणि थंड करून पुन्हा वापरता येतं. नीट चालवलेल्या कारखान्याला नदीतून पाणी घ्यायची फारशी गरज पडू नये. आमच्या शेतातल्या विहिरीचं पाणी उसातून कारखान्यात पोचतं आणि नदीत काळं होऊन परत येतं, हे मन मानत नाही.

आणि साखरेच्या शेजारी आसवनी असेल तर हिशोबच बदलतो. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश मागे उरतो. त्याचा रंग गडद तपकिरी, वास लांबवर जाणारा, आणि बीओडी ४० हजारांच्या वर. लिटरमागे ८ मिलिग्रॅम प्राणवायूच्या हिशोबाने एक लिटर स्पेंटवॉश पाच हजार लिटर स्वच्छ पाण्याचा सगळा श्वास संपवू शकतो. म्हणून तर तो एक थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही, आटवून जाळायचा नाहीतर प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरलेल्या चोथ्यात, कुजवून खत करायचं, असा दंडक आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आल्यापासून आसवन्या वाढताहेत, मक्यापासून इथेनॉल काढणंही वाढतंय, आणि आपल्याकडे मका भरपूर पिकतो. उद्योग यावा, जरूर यावा. पण तो कोणत्या नदीच्या काठी येतोय आणि त्या नदीत फाल्गुनात किती पाणी असतं, हा प्रश्न परवानगीच्या पहिल्या पानावर हवा.

प्राणवायूचं दुखणं निदान पुराने धुऊन निघतं. मीठ मात्र राहतं. कापड रंगवणे, पाणी मृदू करणे, बॉयलर धुणे, या सगळ्यांतून क्षार येतात आणि ते कुठलाच जिवाणू खात नाही. नदीकाठचा शेतकरी डोहात मोटार टाकून तेच पाणी कपाशीला, भाजीपाल्याला देतो. खानदेशची जमीन काळी, चिकणमातीची. सोडियम तिच्यात शिरला की माती फुगते, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही, वाळली की विटेसारखी तडकते. शेतकरी म्हणतो, जमीन चोपण झाली. चोपण जमीन पुन्हा हाती यायला जिप्सम घाला, चर काढा, चांगल्या पाण्याने धुवा, आणि वर्षानुवर्षं वाट बघा. चांगलं पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न तिथेही येतोच. मुलामा देणाऱ्या छोट्या वर्कशॉपांतून येणारे क्रोमियम, निकेलसारखे धातू तर आणखी लबाड. पाण्यात दिसत नाहीत, तळच्या गाळात बसून राहतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्या यादीत तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे. या यादीचं सगळं खापर कारखान्यांवर फोडणं न्यायाचं होणार नाही. शहरांच्या गटारांचं पाणी आकारमानाने कितीतरी जास्त असतं. देशातल्या शहरांत रोज ७२ हजार दशलक्ष लिटरच्या वर सांडपाणी तयार होतं आणि जेमतेम २० हजार दशलक्ष लिटर शुद्ध होतं, असं त्याच मंडळाचा २०२०-२१ चा हिशोब सांगतो. आपल्या घरातलं न्हाणीचं पाणी त्यातच आहे. पण गटाराचा बीओडी दोन-तीनशेच्या घरात असतो, आसवनीचा चाळीस हजारांच्या. म्हणून आसवनीचं एक रात्रीचं पाणी छोट्या शहराच्या कित्येक दिवसांच्या पाण्याला भारी पडू शकतं.

रात्रीचं हा शब्द मी मुद्दाम वापरला. नदीकाठचा कुठलाही माणूस सांगेल, पाणी सुटतं ते रात्री, नाहीतर मृगाच्या पहिल्या पावसात. पहिल्या पावसात गावोगावचे नाले एकदम येतात, वर्षभराचं साचलेलं त्यात निघतं, कुणी काय सोडलं ते शोधणं अशक्य होतं. आमच्याकडे मासे मेले तेव्हा गावातल्या पोरांनी फोन केले. नमुना घ्यायला माणूस आला तोवर ते पाणी पुढच्या गावाच्या हद्दीत गेलेलं होतं. त्या माणसाला मी दोष देत नाही. कायद्याप्रमाणे नमुना दोन भागांत करायचा, सील करायचा, कारखान्याच्या माणसासमोर घ्यायचा. जिल्हाभर नद्या, आणि माणसं मोजकी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिकवतात, संच देतात. तो उपक्रम चांगलाच आहे. पण त्या संचात क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, कडकपणा कळतो. बीओडी कळत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते आणि तीन दिवस लागतात.

गाव गप्प का बसतं, हे बाहेरच्यांना कळत नाही. खानदेशात कारखाना म्हणजे परका माणूस नसतो. ज्याच्या विहिरीला वास येतो, तोच कारखान्याचा सभासद असतो, त्याचाच ऊस तिथे जातो, त्याचाच भाचा तिथे कामाला असतो. आणि आपण किती कारखाने बंद पडताना पाहिले! थकलेले पगार, अडकलेली उसाची बिलं, गंजलेली यंत्रं. ज्याने ते पाहिलंय तो तक्रारीचा अर्ज लिहिताना दहादा थांबतो. तापीकाठच्या एका गावात एक जिभाऊ मला म्हणाले, “दादा, वास सहन होतो, कारखाना बंद पडलेला सहन होत नाही.” त्यांच्यापाशी बोलायला मला शब्द सुचले नव्हते. आज सुचतात. पाणी शुद्ध करायचा खर्च साखरेच्या हिशोबात धरला तर कारखाना बुडत नाही. वसुली, कर्ज आणि कारभार यांनी तो बुडतो. नदीच्या जिवावर तो वाचवावा लागतो, हे आपल्याला कुणीतरी पटवून दिलं आहे.

पूर्वी याच पांझरेवर फडपद्धत होती. फड म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतांचा गट. शेकडो वर्षांची. बंधाऱ्यातून पाट निघे, फडाफडाला पाळी लागे, कुठल्या फडात ऊस आणि कुठल्यात भुसार हे सगळ्यांनी मिळून ठरे, पाटकरी पाणी देई आणि जागल्या राखण करी. थेंबाथेंबाचा हक्क ठरवणारी ही माणसं सरकारी नव्हती. पाण्याच्या वाटणीची एवढी बारीक व्यवस्था करणाऱ्या भागाला पाण्याच्या गुणाची राखण जमणार नाही, हे मला खरं वाटत नाही.

कारण पाणी कुठे जातं, ते आपल्याला ठाऊक आहे. उन्हाळ्यात गिरणेला आवर्तन सुटतं. कोरड्या पात्रातून ते पाणी येताना आधी डोहांत साचलेलं सगळं ढकलत आणतं, आणि पात्रातल्या उद्भव विहिरींमधून तेच नळाला चढतं. पाणी आलं म्हणून गाव नारळ फोडतं, आणि पहिले दोन दिवस नळाला पिवळट पाणी येतं. तापीचं पाणी पुढे प्रकाशा या तीर्थक्षेत्री जातं, तिथे लोक अस्थी घेऊन येतात, स्नान करतात. त्याही पुढे उकाई धरणात साठतं आणि सुरत ते पितं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावच्या मुली गौराई बोळवायला नदीवर जायच्या. आता त्या मळ्यातल्या विहिरीवर जातात. श्रावणात कानबाई देवी विसर्जनाला मात्र नदीवरच जाते, कारण तेव्हा पूर असतो.

म्हणून मागणी वेळापत्रकाची करायला हवी, असं मला वाटतं. नदी वाहती असेपर्यंत एक मर्यादा, पात्र आटायला लागल्यावर दुसरी, आणि डिसेंबर ते जून नदीत थेंबही नाही; ते पाणी कारखान्यातच फिरवा, नाहीतर साठवा. मोजमाप नळीच्या तोंडाशी करा, तसं खालच्या डोहातही करा, आणि पहाटे करा. साखर, आसवनी यांसारख्या मोठ्या प्रदूषक उद्योगांना सांडपाण्याचे ऑनलाइन मापक बसवायचा आदेश केंद्रीय मंडळाने २०१४ मध्येच दिला आहे. तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत रोज लिहिला जावा. कारखान्याच्या संमतीपत्रात रोज किती पाणी सोडायचं, कुठे सोडायचं, किती शुद्ध करून सोडायचं, हे सगळं असतं. ते माहितीच्या अधिकारात मागता येतं, आणि मागायला कारखान्याशी भांडावं लागत नाही.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा गाळप सुरू होण्याच्या आधी येते. आमच्या गावात यंदा विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायचं ठरलंय. ठरावाचा मसुदा भोई नानांच्या ओट्यावर बसून लिहिला. त्यात वरच्या कारखान्याच्या संमतीपत्राची प्रत मागितली आहे, डोहाचा पहाटेचा नमुना महिन्यातून एकदा घ्यावा अशी मागणी आहे, आणि नमुना घेताना गावातली दोन माणसं हजर असावीत असं लिहिलं आहे. एक नाव नानांचं आहे. दुसरं नाव सभेत ठरेल.